धागा: जुन्या घरात बालवाडी काढायची आहे. सोपा, पडवी आणि परसू कसा मांडावा?

परसूतली जास्वंद

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं घर आहे. सासूबाई गेल्यापासून बंदच होतं. विकायचं नाही यावर घरात सगळ्यांचं एकमत, आणि "मग बालवाडी काढ की" असं थोरल्या जाऊबाईंनीच सुचवलं. मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवलंय. पोरांचं मला कळतं, बांधकामातलं कळत नाही. म्हणून हा धागा.

घर पूर्वेकडे तोंड करून आहे. पुढे कट्टा, मग सोपा १२ × २२ फूट, त्यामागे माजघर १४ × १६, बाजूला स्वयंपाकघर आणि न्हाणी. मागे ८ फूट रुंदीची, घराच्या रुंदीभर लांब पडवी. मग परसू, साधारण २२ × ४० फूट. परसूत विहीर, एक आंबा, एक पेरू आणि धुण्याचा दगड. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं, पण पडवीवर मागच्या पिढीत कधीतरी पत्रा घातलाय. मुलं २४ घ्यायची, ३ ते ६ वर्षांची. बाई दोन, मदतीला एक मावशी.

हाताशी साडेतीन लाख आहेत. एकाने येऊन कोटेशन दिलं: परसूभर रबरी टाइल, प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि झोपाळ्यांचा सेट, आतल्या भिंतींवर कार्टून, पडवी काचेने बंद करून वर्गखोली. सगळे पैसे त्यातच संपतात. कागद बघून मन काही घेईना, पण का ते नीट सांगता येत नव्हतं.

आधीच्या ठिकाणचे दोन अनुभव मनात घर करून आहेत. तिथे वर्गावर पत्रा होता. जून लागला की पावसाच्या आवाजात माझा शब्द दुसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. मी ओरडायची, पोरं त्याहून मोठ्याने ओरडायची, बारा वाजेपर्यंत घसा बसलेला. दुसरं, खिडकीच्या उभ्या गजांत एका साडेतीन वर्षांच्या पोराचं डोकं अडकलं. सुतार येऊन गज वाकवेपर्यंत पाऊण तास मी त्याला मिठीत धरून खिडकीपाशी उभी होते. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि तो रडायचासुद्धा थांबला होता. माझ्या घरात हे पुन्हा व्हायला नको.

कुठून सुरुवात करू?

---

खानापूरची बाई

ताई, मी जांबोटीच्या बाजूला २९ वर्षं अंगणवाडीत काढली. एकच सांगते, पडवी बंद करू नका. बाकीचं सगळं नंतर.

आपल्याकडे पाऊस म्हणजे चार महिने. बेळगावात एवढा, तर आमच्या कणकुंबीकडे विचारूच नका. त्या चार महिन्यांत पोरं बाहेर जाऊ शकत नाहीत आणि आत कोंडून राहू शकत नाहीत. त्यांना जागा लागते ती या दोन्हींच्या मधली. अंगावर पाणी येऊ नये, पण पाऊस दिसावा, त्याचा वास यावा, हात पुढे केला की पागोळी तळव्यावर पडावी. आमच्या अंगणवाडीला पुढे सहा फुटांची ओसरी होती. जुलै-ऑगस्टमध्ये माझं निम्मं काम तिथेच व्हायचं. आतली खोली फक्त खाऊ, गोष्ट आणि झोप एवढ्यापुरती.

पागोळ्यांखाली आम्ही वाट्या, करवंट्या, डबे, तांब्या ओळीने मांडायचो. कुठलं भांडं आधी भरतं, कशाचा आवाज कसा येतो, यावर पोरं तासभर बसायची. चार वर्षांची एक मुलगी रोज करवंटी उचलून दुसऱ्या पागोळीखाली ठेवायची. कुठली जास्त गळते ते तिने तीन दिवसांत शोधलं होतं. हे मी शिकवलं नव्हतं.

आणि पडवीवरचा पत्रा काढा. पत्रा असेल तर पडवी असून नसल्यासारखी.

---

चिरा आणि चुना

बाईंशी शंभर टक्के सहमत. मी बांधकामातला माणूस, बेळगाव-खानापूर पट्ट्यातली जुनी घरं दुरुस्त करतो. तुमचं वर्णन वाचून एक अडचण लगेच दिसली. घराचं तोंड पूर्वेला, म्हणजे पडवी पश्चिमेला. पाऊस आपल्याकडे नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, झड थेट पडवीत शिरणार. काचेचा सल्ला देणाऱ्याने हेच कारण सांगितलं असेल.

त्यावर काच हा उपाय नाही. पत्रा काढून कौलं घाला आणि वळचण ३ फूट पुढे आणा. उतार नीट ठेवला तर वळचणीची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर येते, मोठ्या माणसाचं डोकं आपटत नाही आणि झडीतली निम्मी झड तिथेच अडते. उरलेल्या निम्म्यासाठी पूर्वीची माणसं मे अखेरीस पश्चिमेच्या अंगाला झाप (विणलेल्या झावळ्या) बांधायची आणि दसऱ्याला सोडायची. तुम्ही बांबूचे गुंडाळायचे पडदे लावा. जोराची सर आली की सोडायचे, उघडीप मिळाली की गुंडाळायचे. दोरी मात्र उंचावर बांधा, लोंबकळती दोरी पोराच्या गळ्यात अडकू शकते. कौलं खानापूरचीच घ्या, मोडलं तर जोडीचं मिळतं. खाली लाकडी फळ्यांचं छत ठोकलंत तर पावसाचा आवाज आणखी मऊ होतो. सिमेंटचे जुने पत्रे कुणी फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, कापताना-भोकं पाडताना त्याचा धुरळा फुप्फुसात जातो.

आता गजांबद्दल. जुन्या खिडक्यांत दोन गजांतलं अंतर चार-पाच इंच असतं. मुलांच्या खेळाच्या साधनांसाठी अमेरिकेत सुरक्षेचा एक नियम वापरतात: कुठलीही फट एकतर साडेतीन इंचांपेक्षा कमी हवी, नाहीतर नऊ इंचांपेक्षा जास्त. मधल्या मापात अंग जातं आणि डोकं अडकतं. तुमच्या त्या पोराचं नेमकं तेच झालं. प्रत्येक दोन गजांच्या मध्ये एक गज वाढवा, लोहाराचं दोन दिवसांचं काम. कट्ट्याचा कठडा, फाटक, जिना, विहिरीची जाळी, सगळीकडे हीच पट्टी लावा. टेपच्या ऐवजी साडेतीन इंच रुंदीचा एक लाकडी ठोकळा करून घ्या. तो जिथून आरपार जातो तिथे काम बाकी आहे असं समजा.

भिंतींना ऑइल पेंट नको. चिरा पाणी पितो. आत ओल आणि वर ऑइल पेंट, म्हणजे ऑगस्टमध्ये रंगाचे पापुद्रे सुटणार आणि पोरं ते तोंडात घालणार. चुन्याची सफेदी करा. भिंत श्वास घेते, दरवर्षी मावशीसुद्धा चुन्याचा एक हात देऊ शकतात. दारं-खिडक्यांवरचा जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि त्या दिवशी मुलं आवारात नकोत. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमची दारं त्याच्या कितीतरी आधीची.

---

परसूतली जास्वंद

डोळे उघडले. काचेचा विचार सोडला.

काल माजघरात जमिनीवर मांडी घालून बसले, मग गुडघ्यांवर चालून सगळं घर फिरले. तीन वर्षांच्या पोराची उंची सव्वातीन फुटांच्या आत, म्हणजे डोळे तीन फुटांच्याही खाली. तिथून बघितलं तर सोप्यातल्या खिडकीतून फक्त आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. दाराची कडी दिसत नाही. न्हाणीतला नळ डोक्यावर. आणि स्वयंपाकघराच्या ओट्याची कडप्प्याची टोकदार कड नेमकी कपाळाच्या उंचीला. इतकी वर्षं शिकवूनही हे मी कधी असं बघितलं नव्हतं.

एक प्रश्न. २४ मुलं जागेत बसतात का? आकडे कुणाला माहीत आहेत का?

---

चिरा आणि चुना

आपल्या देशाच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात ३० मुलांच्या गटाला निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर बाहेरची जागा धरली आहे. म्हणजे आत दरडोई साडेबारा चौरस फूट. तुमचा सोपा आणि माजघर मिळून ४८८ चौरस फूट, डोई वीस. पास झालात.

पण ते किमान आहे. अमेरिकेत बालशिक्षकांची मोठी राष्ट्रीय संघटना आत डोई ३५ आणि बाहेर ७५ चौरस फूट धरते. त्या हिशेबाने तुमच्याकडे आत तेरा-चौदाच मुलं मावतात. यावर वाट एकच: चोवीसच्या चोवीस एकदम आत किंवा एकदम बाहेर ठेवायची नाहीत. दोन बाई आहेत, तर १२ आत आणि १२ बाहेर. तेव्हा आत डोई चाळीस चौरस फूट आणि बाहेर परसू ८८० भागिले १२, त्र्याहत्तर. जवळपास तिथे पोचलात, एक वीटही न रचता. खाऊ आणि प्रार्थना तेवढी एकत्र.

---

गणपत गल्लीचा बाप

माझी मुलगी पुढच्या वर्षी तीनची होईल, म्हणून वाचतोय. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण आम्हा पालकांना बाकं, फळा, पुस्तक दिसलं नाही तर फी कशाची देतोय असं वाटतं. पहिलीत घालताना मुलाखत घेतात, लिहायला लावतात. नुसती माती आणि पागोळ्या बघून माझी आई तरी पोरीला पाठवणार नाही. तुम्ही चांगल्याच हेतूने करताय, ते दिसतंय. पण आमचीही भीती खरी आहे.

---

खानापूरची बाई

दादा, भीती खरीच आहे, मी ती एकोणतीस वर्षं ऐकली. पण बाकाचं गणित बघा. माजघरात १२ मुलांची बाकं टाकली की चालायला जागा उरत नाही. मग ती पोरं अडीच तास काय करणार? बसणार. तीन-चार वर्षांच्या पोराचा खांदा आणि मनगट अजून तयार नसतं. झाडू, बादली, ओली माती, दोरी यांनी ते तयार होतं. मगच पेन्सिल नीट धरता येते. हात तयार नसताना लिहायला लावलं की पोर पेन्सिल मुठीत दाबून धरतं, बोटं दुखतात आणि लिहिण्याचाच तिटकारा येतो.

ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांच्या साथीने नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि १९४५ ला बोर्डीत गावातल्या पोरांसाठी काम सुरू केलं. काही मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" हा शब्द तिथला. पुढे अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर तेच काम वाढवलं, तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही चालायची. या बायकांकडे ना बाकं होती ना पैसे. शंख, शिंपले, बिया, पानं, गेरू यांवर त्यांनी मुलांना मोजायला आणि लिहायला शिकवलं. आपलं काम नवीन काही नाही, आपल्याच मराठी बायकांनी करून दाखवलेलं आहे.

तुमच्या आईंना एक दिवस आणून बसवा. नातीला शेंगा सोलताना, पाणी ओतताना बघितलं की त्यांना आपोआप कळेल. त्यांच्या लहानपणीचंच आहे ते.

---

परसूतली जास्वंद

@गणपत गल्लीचा बाप, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून बरं वाटलं. मोठ्या गटासाठी माजघरात चार बुटकी टेबलं ठेवणार आहे, पाट घेऊन बसायची. फळा तर भिंतभर करणार, पण जमिनीपासून सुरू होणारा: चुन्याच्या भिंतीवर खालचे साडेतीन फूट काळा रंग, सोप्याच्या एका बाजूने पूर्ण. बाईंसाठी नाही, पोरांसाठी. आईंना जरूर घेऊन या.

---

उद्यमबाग पहिली पाळी

मी फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे. तुम्हाला वाळूचा खड्डा करायचा असेल तर सांगा, आमच्याकडे वापरलेली मोल्डिंगची वाळू टेम्पोने बाहेर टाकतात. बारीक, मऊ असते. एक टेम्पो फुकट पोचवतो.

---

चिरा आणि चुना

भाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण ती वाळू मुलांना नको. साच्यासाठी तिच्यात रेझिन (चिकट रसायन) किंवा बेंटोनाइट (चिकणमाती) आणि कोळशाची पूड घातलेली असते, वर वितळलेल्या धातूचे कण. शिवाय दाणा फुटून झालेली सिलिकाची बारीक धूळ. कामगारांना तिथे मास्क लावायला सांगतात ते त्याचसाठी. एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूही नको, दगडाची ताजी फुटलेली कड टोचते आणि भुकटी उडते. नदीची गोल दाण्याची वाळू महाग आहे, पण चाळून आणि धुऊन घेतली तर एकदाच घ्यावी लागते.

---

उद्यमबाग पहिली पाळी

बरं झालं बोललात. मला एवढं डोक्यात आलं नव्हतं, रोज हातातच असते. मग वाळू नाही, माझे हात घ्या. रविवारी सुट्टी असते. विहिरीची जाळी आणि गज मी वेल्डिंग करून देतो. सामानाचे पैसे तेवढे द्या.

---

परसूतली जास्वंद

भाऊ, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. विहिरीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. घरातले म्हणतात बुजवून टाक. पण सासूबाई होत्या तोवर त्या विहिरीचं पाणी काढायच्या, आणि मे महिन्यात गल्लीत नळाला पाणी नसतं तेव्हा निम्मी आळी आमच्याकडे घागरी घेऊन येते. बुजवणार नाही.

---

उद्यमबाग पहिली पाळी

बुजवायला नकोच. जाळी १२ मिलिमीटरच्या सळ्यांची करू, चौकटीत, वर कुलूप. भोकं दोन इंचांची. मोठा माणूस वर उभा राहिला तरी वाकणार नाही अशी. भोवती चार फुटांचं कुंपण वेगळं, त्याला आडव्या पट्ट्या नाहीत, सगळं उभं. आडव्या पट्ट्यांची शिडी होते, पोरं वर चढतात. माझ्याच मुलाने घरी दाखवलंय. पाणी काढायला पंप लावा, दोर-बादली काढून ठेवा.

---

निपाणीची आई

मी निपाणीहून. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत बायका दिवसभर काम करतात. मी लहान असताना आई मला वखारीत घेऊन जायची. कोपऱ्यात साडीची झोळी, सगळीकडे तंबाखूची धूळ, शिंका येऊन येऊन झोप लागायची. म्हणून सांगते, झोपायची जागा विसरू नका. तीन वर्षांची पोरं अकराच्या सुमारास पेंगतात. त्यांना वर्गाच्या मध्ये सतरंजीवर झोपवलं तर दोन्हीकडून हाल. माजघराचा सगळ्यात अंधारा, शांत कोपरा त्यासाठी राखा. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, कुकरच्या शिट्टीने दचकतात.

आणि एक दडायची जागा हवी. माळ्याच्या जिन्याखाली असते ना, तशी. मोठ्या टेबलावर साडी टाकली तरी चालते. पहिल्या दिवसांत आईची आठवण आलेलं पोर सगळ्यांसमोर रडत नाही, त्याला लपून रडायचं असतं. मी स्वतः पोत्यांच्या मागे जाऊन बसायची. फक्त बाईंना वरून बघता आलं पाहिजे, दार नको.

---

वडगावचा माग

वडगावात आमचा माग आहे. काम कमी झालंय, पण रिकाम्या लाकडी कांड्या, दोऱ्याचे गुंते, साडीच्या कडांचे तुकडे पोतीभर आहेत. पोरांना रचायला, ओवायला कांड्या छान. धुऊन, पॉलिश न करता देतो. दोऱ्याचे तुकडे मात्र हातभराहून जास्त लांबीचे ठेवू नका.

सोप्यात आवाज घुमतो का? चिऱ्याची भिंत आणि फरशी असली की घुमणारच. आमची आई जुन्या साड्यांच्या वाकळी शिवते. भिंतींवर चार वाकळी टांगा, आवाज खाली बसतो. आमच्या मागाच्या खोलीत आम्ही हेच केलंय.

---

चिरा आणि चुना

वाकळीची कल्पना मला कधी सुचली नव्हती, उत्तम. फक्त भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच जागा सोडून दांडीवर टांगा, नाहीतर पावसात मागच्या बाजूला बुरशी धरेल. ऊन पडलं की परसूत टाकायच्या.

फरशीचं राहिलं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल नको, ओल्या पायांनी पोरं सपासप पडतात. सोप्यात तांबडा कोबा असेल तर तो ठेवा, भेगा तेवढ्या भरून घ्या. पडवीत शहाबादी फरशी, खरखरीत बाजू वर, परसूकडे थोडा उतार.

न्हाणी दोन भागांत करा. मुलांचं छोटं भांडं मिळतं. मोठ्या भांड्यावर तीन वर्षांचं पोर पाय फाकवून बसू शकत नाही, पडण्याची भीती वाटते म्हणून दाबून धरतं आणि मग चड्डीत होतं. समोर धरायला एक आडवी दांडी. दार अर्धं, साडेतीन फुटांचं, आतून कडी नाही. हात धुवायचा नळ जमिनीपासून वीस-बावीस इंचांवर. आणि पडवीतून न्हाणीपर्यंत दहा-बारा पावलांच्या आत पोचता आलं पाहिजे, कारण पोराला कळतं ते अगदी शेवटच्या क्षणी.

---

परसूतली जास्वंद

परसूबद्दल विचार करून ठेवलाय, चूक असेल तर सांगा.

आंब्याखाली माती आणि पाणी. पेरूखाली वाळूचा चौकोन, रात्री झाकायचा, नाहीतर मांजरं घाण करतात. उत्तरेच्या भिंतीकडे मातीचा तीन फुटांचा उंचवटा, चढायला, लोळायला, घरंगळायला. त्याच उतारावर छोटी घसरगुंडी बसवली तर खाली पडायची उंचीच उरत नाही. भाजीचे दोन वाफे: मेथी, भुईमूग, झेंडू. आणि मोकळा चौक, धावायला. धुण्याचा दगड ठेवणार, पोरांना त्यावर बाहुलीचे कपडे धुवायला आवडतील. आंब्याजवळ गवताचं एक खोपटं बांधावं असंही वाटतंय.

---

खानापूरची बाई

सगळं छान, खोपटं तेवढं नको. तुमचं स्वयंपाकघर परसूला लागून आहे. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. तेव्हा मी कामावर होते. त्या आठवड्यात आम्ही आमच्या चुलीजवळची सगळी झावळी काढून टाकली. सावली हवी तर आंबा आहेच. सिलिंडर बाहेर ठेवा, आणि पुढचं-मागचं दोन्ही दारं मुलं असताना कुलूप न लावता. पुढच्या दाराला फक्त वरची कडी, मोठ्यांच्या हाताला लागेल अशी.

विषारी झाडं बघून घ्या. कण्हेर, धोतरा, एरंड, रुई असेल तर उपटा, गुंजेचा वेल तर नकोच. लाल-काळी बी बघून पोर तोंडात घालणारच. जास्वंद, मोगरा, तुळस, गवती चहा लावा. कुंपणाच्या चिऱ्यांतली बिळं पावसाआधी चुन्याने बुजवा, आमच्याकडे त्यांतूनच साप निघायचे. पाण्याचं टब-बादली रोज पालथं. डासही होतात, आणि इंचभर पाण्यातही लहान पोर तोंडावर पडलं तर संपतं. पाण्याच्या खेळाला एक मोठं माणूस शेजारी बसलेलंच हवं, उभं नाही.

---

चिरा आणि चुना

झोपाळा लावाल तर पुढे-मागे भरपूर जागा मोकळी सोडा, धावायच्या वाटेत नको. खाली वाळू निदान नऊ इंच, आणि या वयाला चढायची उंची चार फुटांच्या वर नको. रबरी टाइलचे पैसे तसेच राहिले. मातीच्या उंचवट्यावर घसरगुंडी, हा तुमचा विचार मी माझ्या पुढच्या कामात वापरणार आहे. पत्र्याची घेतलीत तर सावलीत बसवा, मे महिन्यात मांड्या भाजतात.

---

गणपत गल्लीचा बाप

भाषेचं काय? आमच्या शेजारी कन्नड बोलणारी दोन मुलं आहेत, तीही येतील म्हणतात.

---

परसूतली जास्वंद

येऊ देत की. पोरं एकमेकांशी मातीत बसली की दोन दिवसांत दोन्ही बोलायला लागतात, मी आधीच्या ठिकाणी बघितलंय. खुंट्यांवर नावाऐवजी चित्रं असणार: चिमणी, कासव, वांगं, घागर. चप्पल, दप्तर, रेनकोट सगळं त्याच चित्राखाली. चित्राचं नाव मात्र मी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिणार, आणि गोष्टीही दोन्हीत.

---

परसूतली जास्वंद

मंडळी, जुलै लागला. कळवायचं राहून गेलं होतं.

पडवी झाली. पत्रा गेला, कौलं आली, खाली सागाच्या जुन्या फळ्यांचं छत. वळचण तीन फूट पुढे. निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेले, आणि गेले त्याचं मला काही वाटत नाही. विहिरीवर भाऊंनी जाळी बसवली. तीन रविवार आले, सामानाचे सोडून एक रुपया घेतला नाही. साडेतीन इंचांचा ठोकळा घेऊन थोरल्या जाऊबाई सगळं घर फिरल्या, नऊ ठिकाणी आत गेला, त्या नऊही फटी बुजवल्या. सोप्यातली खिडकी खाली घेतली, उंबरा आता जमिनीपासून दीड फुटावर. सकाळी त्यात चार-पाच पोरं कोपरं टेकून रस्ता बघत बसतात. भाजीवाली आली की सगळ्यांच्या खिडकीतून हाका.

सध्या १९ मुलं आहेत. गणपत गल्लीच्या आजी पहिल्या आठवड्यात रोज यायच्या. आता नातीला सोडून लगेच जात नाहीत, पडवीत बसून पोरांना शेंगा सोलायला देतात.

परवा दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मी सवयीने आवाज चढवायला लागले, आणि थांबले. गरज नव्हती. बारा पोरं पडवीत होती आणि मला प्रत्येकाचं बोलणं ऐकू येत होतं. एक जण पडद्याच्या फटीतून हात बाहेर काढून सांगत होता, "बाई, हितं जास्त पडालाय." त्याच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. शेजारच्या मुलीने तिथे तिची वाटी सरकवली.

दोन अडचणी आहेत. एक, बांबूचा दक्षिणेकडचा पडदा वाऱ्याने सारखा फडफडतो, खाली वजन बांधावं का? दुसरी, १९ रेनकोट एकदम ओले आले की खुंट्यांखाली तळं होतं.

---

चिरा आणि चुना

पडद्याच्या खालच्या काठीत अर्ध्या इंचाची सळी घाला, दोन्ही बाजूंना भिंतीत कडी. शनिवारी येऊन बघतो.

---

वडगावचा माग

रेनकोटच्या खुंट्या आत कशाला? पडवीच्या उत्तरेच्या टोकाला वळचणीखाली दोन दांड्या बांधा, पोरांच्या उंचीला. पाणी थेट परसूत जाईल. दांड्या माझ्याकडे पडून आहेत, मागाच्या. उद्या सायकलवर आणतो. आई आणखी दोन वाकळी देतेय, त्याही घेऊन येतो.